राजलक्ष्मीच्या वर्षाचा स्वयंपाकी

एक स्वयंपाकी मिळवायचा होता, एवढंच. एका दिवसाचं काम, सहा-सात पानं, आणि जेवणाऱ्यांत मुख्य पाहुणे पितर, म्हणजे मीठ कमी पडलं म्हणून भांडायला कुणी येणार नाही. यात अडचण येण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. एकतीस वर्षं मी तंजावुरात मालकांच्या बाजूने कामगारांचे खटले लढवतो आहे. माणसाला कामावरून कसं काढावं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. कामावर कसं बोलवावं हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

माझी बायको राजलक्ष्मी गेल्या वर्षी कार्तिकात गेली. शेवटचे आठ दिवस ती शुद्धीवर होती आणि त्या आठ दिवसांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "माझ्या वर्षश्राद्धाला तिरुवैयारूच्या वैद्यनाथांना बोलवा स्वयंपाकाला. दुसऱ्या कुणाचं नको." मी हो म्हणालो. हयातीत तिने सांगितलेली किती कामं मी केली, याचा पुरावा माझ्याकडे नाही. महिन्या-महिन्याची श्राद्धंसुद्धा मी बाराव्या दिवशीच एकत्र उरकून घेतली, कारण तेराव्या दिवशी माझी तारीख होती. तेव्हा हे एक काम तरी नीट करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

इथे एक खुलासा. आमच्या घरात मराठी बोलतात, तीनशे वर्षं बोलतात, पण लिहिता-वाचता येणारे माझ्या आजोबांबरोबर संपले. मला देवनागरी येत नाही. ही हकीकत मी सांगतो आहे आणि आमचे भटजी वादिराज ती उतरवून घेत आहेत. ते पुण्याला पाठशाळेत शिकले, त्यामुळे माझं मराठी परस्पर सुधारून टाकतात. जिथे भाषा फार चांगली वाटेल तिथे श्रेय त्यांचं. जिथे माझा मूर्खपणा दिसेल तो अस्सल माझा आहे.

वैद्यनाथांचा पत्ता शोधावा लागला नाही. तो माझ्या फायलीत होता. तंजावुरातल्या एका जुन्या हॉटेलात त्यांनी बावीस वर्षं स्वयंपाक केला आणि एके दिवशी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी दावा लावला. हॉटेलचा वकील मी. दावा लावायची मुदत तीन वर्षांची, आणि त्यांचा अर्ज एकोणीस दिवस उशिरा आला होता. त्यांची बायको शेषम्मा तेव्हा इस्पितळात होती. तिचे कागद त्यांनी अर्जाला जोडले होते. मी कोर्टात उभा राहून म्हणालो, "दुःख हा मुदतवाढीचा आधार होऊ शकत नाही." हे वाक्य मला फार आवडलं. साक्षीपुरावा न होताच दावा निकालात निघाला. घरी येऊन मी ते वाक्य राजलक्ष्मीला पुन्हा एकदा हावभावासहित म्हणून दाखवलं. ती अवरैच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही, आणि तिला कायद्यातलं कळत नाही असं मी समजलो.

तर अशा माणसाकडे जाऊन स्वयंपाकाला चला म्हणायचं. मी आधी दुसरा मार्ग सापडतो का ते पाहिलं. आमचे शेजारी गोपालकृष्णन वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही. कुंपणाच्या भिंतीपाशी दोन मिनिटं उभं राहिलं की तो मिळतो. मला ते 'सार' म्हणतात, म्हणजे सर. ते म्हणाले, "वैद्यनाथ वगैरे कशाला सार? कुंभकोणमच्या केटररला फोन लावा. श्राद्धाचं पॅकेज असतं. पानं, दर्भ, तीळ, सगळं व्हॅनमधून येतं."

मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "लाइव्ह डोसा काउंटर हवा का सर?"

"अहो, श्राद्ध आहे."

"हो सर, म्हणून तर कांदा-लसूण न घालता करतो."

गोपालकृष्णनच्या बायकोचं मत पडलं की तमिळ पद्धतीचा स्वयंपाक करून टाकावा, पितरांना काय कळणार आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण राजलक्ष्मीला कळलं असतं. आमटीत गूळ खडाभर कमी पडला तरी तिला वासावरून कळायचं. शिवाय तिने नाव घेऊन सांगितलं होतं. त्याचा अर्थ मी असा लावला की कधीतरी त्या हॉटेलात तिने वैद्यनाथांच्या हातचं खाल्लं असणार आणि ती चव तिच्या जिभेवर राहिली असणार.

तारखेची जबाबदारी मात्र गोपालकृष्णननी स्वतःहून घेतली. त्यांच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "अम्मा गेल्या तेव्हा कार्तिगै महिना होता, कृष्णपक्षातली पंचमी. म्हणजे यंदा डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार." मी डायरीत लिहून घेतलं. आमची एकुलती एक मुलगी हरिता बंगळूरला असते, तिला कळवलं. तिने रजा टाकली.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी मी तिरुवैयारूला गेलो. माझ्या गाडीच्या काचेवर वकिलाचं चिन्ह आहे, म्हणून गाडी ठेवून टाउन बसने गेलो, आणि सबंध वाट उभ्याने गेलो. वैद्यनाथ ओसरीवर पालेभाजी निवडत बसले होते. संगीत शिकायला गावात येऊन राहिलेल्या दहा-बारा जणांना ते घरीच जेवू घालतात.

"या वकील राव," ते म्हणाले. म्हणजे ओळखलं. खटल्यानंतरच्या नऊ वर्षांत माझे केस गेले, पोट आलं, चष्मा दोनदा बदलला. एवढं सगळं होऊनही ओळखलं जाणं मला अपमानास्पद वाटलं.

मी येण्याचं प्रयोजन तीन भागांत तयार करून आणलं होतं. पहिल्या भागात राजलक्ष्मीची इच्छा सांगताच ते म्हणाले, "अम्मांनीं नांव घेऊन सांगिटलें?"

"हो."

ते बराच वेळ भाजीच्या काड्या मोडत राहिले. मग म्हणाले, "करितों. पण मज एक कागद पाहिजे. बावीस वर्षें मीं त्या हॉटेलांत स्वयंपाक केला म्हणून दाखला. सही आणि शिक्का."

"कशासाठी?"

"माझ्यासाठीं. तुम्हीच कोर्टांत लिहून दिलेंत कीं हा मनुष्य आमच्याकडे कधीं नोकरीस नव्हता, अधूनमधून येत असे. मग बावीस वर्षें मी होतों कुठें?"

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो की यात त्यांचा कायदेशीर डाव काय असावा. दावा पुन्हा उघडायचा? ग्रॅच्युइटी? वरच्या कोर्टात जाणार? एकतीस वर्षांच्या सवयीने मी त्यांच्या बाजूने सात डाव काढले आणि सातही खोडून काढले. माणसाला आपलं आयुष्य कागदावर असावं असं नुसतं वाटू शकतं, ही शक्यता माझ्या यादीत आली नाही.

हॉटेल आता जुन्या मालकाचा मुलगा सुरेंद्र चालवतो. आजही ते माझे पक्षकार आहेत. मी दाखल्याचं बोलताच तो खुश होऊन हसला. "टेस्ट घेताय ना सार?" म्हणत त्याने गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मीच लिहून दिलेल्या सूचना लॅमिनेट करून टांगलेल्या होत्या. पहिली सूचना: कोणाही कामगारास कोणत्याही कारणासाठी लेखी काही देऊ नये.

मी म्हणालो, ही परीक्षा नाही, खरंच हवा आहे. तो गंभीर झाला. "मग आमच्या वकिलांना विचारून सांगतो."

"तुमचा वकील मीच."

"हो सार. मग विचारतो ना. द्यावा का दाखला?"

आता सांगा, माणसाने काय करावं? समोर पक्षकार, त्याने रीतसर सल्ला विचारलेला. मी डोळे मिटले आणि प्रामाणिक सल्ला दिला. सल्ला असा होता की दाखला देऊ नये. सुरेंद्रने आभार मानले आणि माझ्यासाठी काफी मागवली.

मग मी कोर्टात गेलो. निकालाच्या प्रमाणित प्रतीत तरी बावीस वर्षांचा उल्लेख असेल असं वाटलं. अर्जावर प्रत कशासाठी हवी ते कारण लिहावं लागतं. मी खरं ते लिहिलं: बायकोचं श्राद्ध. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि मला बसायला खुर्ची दिली. आजवर त्या खिडकीशी मला खुर्ची मिळाली नव्हती. प्रत आठ दिवसांनी आली. त्यात माझं दुःखाचं वाक्य शब्दशः होतं आणि बावीस वर्षं कुठेच नव्हती.

भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयातही जाऊन आलो. तिथल्या बाईंनी शोध शोध शोधलं आणि म्हणाल्या, या नावाचा माणूस त्या हॉटेलच्या यादीत कधी नव्हताच. यादीत नव्हता, म्हणून तर माझा बचाव इतका भक्कम होता. शेवटी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी पुन्हा सुरेंद्रकडे गेलो, म्हटलं, वकील म्हणून नव्हे, ओळखीचा म्हणून मागतो. नाश्त्याची गर्दी होती. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत मी हात धुवायच्या जागेजवळच्या बाकावर बसून राहिलो. येणारेजाणारे मला टेबलाची वाट पाहणारा समजून सरकून जागा देत होते. दोन वाजता सुरेंद्र म्हणाला, तुम्ही दिलेला सल्ला मोडायची हिंमत होत नाही सार. मी घरी आलो आणि दहीभात खाऊन झोपलो.

त्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे आठ दिवसांनी, मी वादिराजांना फोन केला. म्हटलं, पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला राजलक्ष्मीचं वर्षश्राद्ध आहे, तुम्ही मोकळे आहात ना.

ते म्हणाले, "राव, पंचमी गेली. कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी होती."

गोपालकृष्णनची चूक नाही. त्यांची माणसं महिना सूर्यावरून मोजतात, आम्ही चंद्रावरून. ती गेली त्या दिवशी त्यांचं कार्तिगै आणि आमचा कार्तिक एकाच पानावर होते, म्हणून मला दोन्ही एकच वाटले. वर्षभरात चंद्राची तिथी अकरा दिवस अलीकडे आली आणि आमची पंचमी त्यांचा महिना लागायच्या आधीच येऊन गेली. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागलं नसतं. इतकी वर्षं माझ्या आईवडिलांच्या तिथ्या राजलक्ष्मी काढायची, मी फक्त हात पुढे करून पाणी सोडायचो.

"मी मेसेज टाकला होता राव. तुम्ही नमस्काराचं चिन्ह पाठवलंत."

मेसेज आला होता. देवनागरीत होता. मला वाटलं, कुठल्यातरी सणाच्या शुभेच्छा असतील.

"त्या रविवारी दहा वाजता मी आलो," वादिराज म्हणाले. "दाराला कुलूप होतं. दुसरीकडे करवून घेतलं असेल म्हणून परत गेलो."

(हे लिहिताना वादिराज म्हणतात, कुलपाचं राहू द्या. राहू द्यायचं नाही.) आमच्यात मानतात की त्या दिवशी गेलेलं माणूस उंबऱ्यापाशी येतं. मी इतर वेळी मानतो की नाही हे मला सांगता येणार नाही, पण त्या सोमवारी मी पूर्ण मानलं. ती वर्षाने घरी आली, आणि दाराला कुलूप होतं, आणि मी हात धुवायच्या जागेजवळ बसून होतो. मी आठ दिवस उशीर केला होता. मुदतीवर जगलेला माणूस मी. एक दिवस उशीर झाला तर काय होतं ते मी किती जणांना ऐकवलं आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हासुद्धा मी इतका रडलो नव्हतो. तेव्हा लोक होते.

हरिताला सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, अम्माची तिथीसुद्धा?" एवढंच म्हणाली आणि त्याच संध्याकाळच्या गाडीत बसली.

वादिराजांनी मार्ग सांगितला: चुकलेल्या तिथीचं श्राद्ध अमावास्येला करता येतं, आणि अमावास्या बुधवारी आहे. मंगळवारी सकाळी मी तिरुवैयारूला गेलो, या खेपेला गाडीने. दाखला नव्हता, तिथी नव्हती, आणि प्रयोजनाचे तीन भागही नव्हते. ओसरीवर उभा राहून मी सगळं सांगून टाकलं.

वैद्यनाथांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"आज नऊ."

"माझे एकोणीस होते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा माणूस आपला ताप सांगतो तसं ते सांगत होते. "उद्यां पहांटे येतों. चूल सारवून ठेवा. गॅस असेल तर पुसून ठेवा."

"पण दाखला मिळाला नाही."

"मिळणार नाहीं म्हणून मज ठाऊक होतें. तुम्ही मागावयास जाल कीं नाहीं, हें ठाऊक नव्हतें."

त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसून स्वतःच्या लेटरहेडवर एक कागद लिहिला. सदर हॉटेलचा वकील या नात्याने मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की वैद्यनाथ यांनी तिथे सलग बावीस वर्षं स्वयंपाक केला. खाली सही केली, शिक्का मारला. आपल्याच पक्षकाराविरुद्ध असा कागद लिहिणाऱ्या वकिलाची सनद जाते, आणि जावी, असं मी स्वतः एका परिसंवादात बोललेलो आहे. हरिताने वाचला. "नक्की ना अप्पा?" म्हणाली. तिच्या आवाजात बऱ्याच वर्षांनी माझ्याविषयी काळजी होती.

बुधवारी वैद्यनाथ पहाटे आले, विहिरीवर न्हाले आणि ओलेत्याने स्वयंपाकाला लागले. मी कागद पुढे केला. ते मागे सरले. "सोंवळ्यांत आहें. तिथें ठेवा." कागद खिडकीत तांदळाच्या मापाखाली राहिला. आमच्यात श्राद्धाच्या स्वयंपाकाची चव आधी घेत नाहीत. त्यांनी वडे तळले, आमटी केली, खीर केली, उडदाचं डांगर कालवलं, आणि सबंध वेळात जिभेला एक कण लावला नाही. दोन वाजेपर्यंत पिंड झाले, ब्राह्मण जेवून गेले, वादिराजही गेले. मग हरिता आणि मी बसलो.

आमटी उत्तम होती. पण ती राजलक्ष्मीच्या चवीची नव्हती. मला वाटलं, मलाच आता आठवत नसेल. मी वैद्यनाथांना म्हणालो, "तिला तुमच्या हातचं फार आवडायचं. म्हणून तर तिने तुमचं नाव घेतलं."

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "कुणास? अम्मांस?" ते म्हणाले. "अम्मांनीं माझ्या हातचें कधीं खाल्लें नाहीं, राव."

हरिताचा घास थांबला.

"निकाल लागला त्या आठवड्यांत शेषम्मा गेली. तिचें तेरावें झालें, त्याच्या दुसऱ्या दिवशीं अम्मा आल्या. एकट्या, बसने. दारांत उभ्या राहून म्हणाल्या, मी वरुणरावांची बायको. पुढें बोलतां येईना. मीं पाणी दिलें, तें घेतलें नाहीं. म्हणाल्या, 'ते येतील. आज नाहीं, पण येतील. मी पाठवीन.'" वैद्यनाथांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मी त्यांस म्हटलें, अम्मा, परवाल्ले, राहूं द्या. त्या म्हणाल्या, राहूं देणार नाहीं."

परवाल्ले म्हणजे काही हरकत नाही. तमिळमधला हा शब्द मी रोज पन्नास वेळा ऐकतो. त्या दुपारी तो मला ऐकवेना. नऊ वर्षं ती अधूनमधून म्हणायची, एकदा तिरुवैयारूला जाऊन येऊ या. मला वाटायचं, नदी पाहायची असेल, देवळात जायचं असेल. मी म्हणायचो, तारीख आहे. मला तिथे पाठवायला तिला नऊ वर्षं जमलं नाही, आणि शेवटी मरावं लागलं.

मी पानावरून उठलो. अर्ध्या पानावरून उठू नये, पण उठलो. हात धुऊन आलो आणि म्हणालो, "इस्पितळाचे कागद माझ्या फायलीत होते, वैद्यनाथ. मी सगळे वाचले होते. त्या किती आजारी आहेत ते मला माहीत होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले.

हरिताने आपल्याशेजारी नवीन पान मांडलं. वैद्यनाथ दिवसभर उपाशी होते. मी म्हणालो, बसा, मी वाढतो. ते उपरणं सावरून बसले. मी आयुष्यात कुणाला वाढलं नव्हतं; पळी हातात घेऊन उभा राहिलो आणि आधी काय वाढतात ते विचारलं.

"आधीं पाणी, राव," ते म्हणाले.

मी तांब्या भरून आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला आणि ते पाणी प्याले.